वीडरचं इंजिन एका संध्याकाळी ठरलं, शाफ्टनं आठ दिवस खाल्ले

उसाच्या बाळभरणीच्या (बुडाला पहिली हलकी माती लावायच्या) ऐन टायमाला आमच्या पॉवर वीडरचं, म्हणजे सरीतलं तण काढायच्या यंत्राचं, इंजिन गेलं. कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसलाच भोक, म्हणजे दुरुस्तीचा विषय संपला. पेट्रोल की डिझेल हे घरात एका संध्याकाळी ठरलं. डिझेलला इंधन कमी लागतं हे खरंय, पण पेट्रोल इंजिन 16 किलोच्या आसपास आणि 9-10 एचपीचं डिझेल त्याच्या जवळपास तिप्पट, आणि सरीच्या टोकाला वीडर वळवायला आमचे आण्णा असतात. म्हणून जुन्यासारखंच 196 सीसी, साडेसहा एचपी.

सांगलीत दुकानात विचारलं, हे बसेल ना? "196 म्हणजे 196, सगळी सेमच असतात, बिनधास्त न्या." पलूसला घरी आणलं, खालचे चारही बोल्ट बरोबर बसले आणि बेल्टची जुनी पुली काही शाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या बाहेर आलेल्या फिरत्या दांड्यावर, जाईना. पॉलिश पेपर मारला, ग्रीस लावलं, नुसती तोंडाला अडकून बसायची. ठोकून बसवायच्या नादाला कुणी लागू नका, क्रँकच्या बेअरिंगला मार बसतो.

दुसऱ्या दिवशी परत सांगली. बॉक्स फोडलाय, परत घेता येत नाही. मालक? सोमवारी. सोमवारी गेलो तर मालक बाहेरगावी, फोटो पाठवा म्हणाले. फोटो पाठवले, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. इकडं पाऊस उघडलेला, वाफसा आलेला, सरीत लव्हाळा नुसता माजलेला, आणि मी काउंटरसमोर उभा. बाजूला दोन गिऱ्हाईकं चहा पिऊन गेली पण माझ्याकडं कुणी बघेना. अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी कुपवाड एमआयडीसीत एका लेथवाल्या मामांकडं गेलो. त्यांनी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला, दोन मिनिटांत निकाल. पुलीचं भोक 19.05 मिमी म्हणजे पाऊण इंच, नवा शाफ्ट 20 मिमी. एक मिलिमीटरचाही फरक नाही! मामा म्हणाले, "पुली बोअर करून देतो, चावीची खाचपण बघावी लागंल, पण शाफ्टला हात लावू नका. आधी दुकानदाराला दाखवा."

इंजिन, पुली घेऊन थेट गेलो, मालक होते, म्हटलं तुम्हीच बसवून दाखवा. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, पोराला हाक मारली आणि पोरानं आतून पाऊण इंची शाफ्टचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन आणलं. आठ दिवस ते आतच होतं.

तर दुकानात जाताना जुनी पुली खिशात घालून न्या, तिथंच बसवून बघा, मगच पैसे द्या. रिडक्शनवालं (वेग कमी करणाऱ्या गिअरचं) इंजिन देत नाहीत ना तेही विचारा, त्याचा शाफ्ट मिनिटाला 3600 ऐवजी 1800 फेऱ्यांनी फिरतो, बेल्टवाल्या वीडरला ते चालत नाही. आणि हो, नव्या इंजिनात ऑईल नसतं! साधारण 600 मिली 10डब्ल्यू-30 ग्रेडचं ऑईल घालूनच दोरी ओढा, पहिलं ऑईल 20 तासांनी बदला.

आमचं दुसऱ्या ओढीला चालू झालं. आण्णांनी अंधार पडेपर्यंत अकरा सऱ्या काढल्या.