मेलोसच्या बायका

रविवार, रात्र

संध्याकाळपासून प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसचं ‘ट्रोजन विमेन’ हे नाटक वाचत होते. पुस्तक मिटलं, पण झोप येईना म्हणून वही उघडली.

शाळेत ग्रीस आम्हाला जेमतेम दीड पानात भेटला. ‘जोड्या लावा’मध्ये पेरिक्लीससमोर ‘अथेन्सचे सुवर्णयुग’, सॉक्रेटिससमोर ‘विषाचा प्याला’. लोकशाही अथेन्समध्ये जन्मली, हे वाक्य मी परीक्षेत किती मनापासून लिहायचे! त्या लोकशाहीत बायकांना आणि गुलामांना मत नव्हतं, हे कुणी सांगितलं नाही. ज्या चांदीवर अथेन्सचं आरमार उभं राहिलं, ती लॉरियनच्या खाणींत गुलाम खणत होते, हेही नाही. मेलोस हे नाव तर कानावरही पडलं नव्हतं.

मेलोस हे एक लहानसं बेट. अथेन्स-स्पार्टा युद्धात त्याला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती. इ.स.पू. 416 मध्ये अथेन्सने वेढा घातला, हिवाळ्यात बेट शरण आलं. त्या काळचा अथेन्सचा इतिहासकार थुसिडिडीस सांगतो : प्रौढ पुरुष मारले, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली, नंतर आपले 500 लोक तिथे वसवले. त्या बायकांच्या वाट्याला एवढंच. त्याला दोष देत नाही मी. त्याने लिहून ठेवलं, म्हणून तर कळलं.

मग 415 च्या वसंतात, अवघ्या काही महिन्यांनी, अथेन्सच्या नाट्योत्सवात हे नाटक झालं. गोष्ट ट्रॉयची, ग्रीकांनी ते शहर जिंकल्यावर गुलाम झालेल्या तिथल्या बायकांची; मेलोसचं नावही नाही. युरिपिडीसच्या मनात मेलोस होतं का, यावर अभ्यासक वाद घालतात. पण समोर बसलेल्यांत मेलोसवर फौज पाठवायला हात वर केलेले नागरिक असणारच. त्यांना आठवलं नसेल?

ट्रॉयचा मारला गेलेला राजपुत्र हेक्टर, त्याच्या लहानग्या मुलाला तटावरून फेकायचं ठरतं. आई, अँड्रोमाकी, त्याला छातीशी धरून त्याच्या अंगाचा गोड वास घेते. इथे मी वाचायची थांबले. नंतर ते कलेवर बापाच्या ढालीवर ठेवून आजीकडे, हेक्युबाकडे येतं. तिला आठवतं, हा म्हणायचा : आजी, तू गेलीस की केसांची मोठी बट कापून तुला वाहीन, मित्रांना घेऊन तुझ्या थडग्यापाशी येईन. आता म्हातारी आजीच नातवाला पुरते आहे. आणि हुकूम घेऊन येणारा तो ग्रीक निरोप्या, टॅल्थिबिअस! येताना स्कामांडर नदीत त्याने पोराचं अंग धुतलं, जखमा धुतल्या. हुकमाचा ताबेदार, तरीही. ह्या एका कृतीने तो माझ्या डोक्यातून जाईना.

त्या वर्षी स्पर्धेत युरिपिडीसला दुसरा क्रमांक मिळाला. त्याच उन्हाळ्यात अथेन्सचं आरमार सिसिली जिंकायला निघालं.

लेकीचं इतिहासाचं पुस्तक इथेच टेबलावर आहे. उद्या जेवताना तिला मेलोसबद्दल सांगायचं आहे. सुरुवात त्या केसांच्या बटेपासून करेन.