तुम्ही विचारलंत म्हणून: अबोल मुलीला नर्सिंग जमेल का?

प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, “मॅडम, आमची मुलगी फार अबोल आहे, तिला नर्सिंग जमेल का?” नर्सिंगची शिक्षिका म्हणून माझे उत्तर असे आहे की अबोलपणा ही मुळात अडचणच नाही, माणसे ओळखून त्यांच्याशी समजुतीने वागता येणे हा गुण निराळा आहे आणि तो बऱ्याच अंशी घडवता येतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये या गुणाला सामाजिक बुद्धिमत्ता म्हटले आणि ती प्रयोगशाळेतील चाचणीच्या हाती लागत नाही, हेही त्याच लेखात नोंदवले. वॉर्डात मात्र ती लगेच दिसते. स्त्रीरोगाच्या वॉर्डात सासूसमोर गप्प बसलेल्या सुनेला तपासणीच्या निमित्ताने बाजूला घेऊन तिची खरी तक्रार ऐकणारी विद्यार्थिनी बहुधा वर्गातली बडबडी मुलगी नसते.

घराचा वाटा यात आहेच. आजारी आजीचे पथ्यपाणी पाहिलेल्या मुलीला म्हाताऱ्या माणसाचा हट्ट नवा नसतो. बोलीचाही उपयोग होतो: वर्गात प्रमाण मराठी बोलताना अडखळणारी मुलगी आपल्या भागातल्या रुग्णाशी अहिराणीत बोलू लागली की त्याची भीती निम्मी होते. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र अभ्यासक्रमात असतात, पण नुसत्या पाठांतराने वागणे बदलताना मला दिसलेले नाही.

बदल दिसतो तो मनोरुग्ण विभागातील पोस्टिंगमध्ये, म्हणजे तिथल्या वॉर्डात प्रत्यक्ष काम करून शिकताना, प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणजे रुग्णाशी झालेल्या संभाषणाची नोंद लिहिताना. आपण काय विचारले, रुग्ण काय म्हणाला, तेव्हा त्याची नजर आणि हात कसे होते, आपल्या मनात काय आले, हे सारे ओळीने लिहावे लागते. “काळजी करू नका” असे घाईने म्हणून आपणच रुग्णाचे बोलणे तोडले, हे विद्यार्थिनीला स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळते, आणि पुढच्या भेटीत ती थांबायला शिकते.

तरीही सर्वांत खोल ठसा वॉर्डमधील इन्चार्ज सिस्टरचा उमटतो, असे माझे ठाम मत आहे. नातेवाइकांच्या गर्दीतही रुग्णाला नावाने हाक मारणाऱ्या सिस्टरच्या हाताखाली मुली तसेच वागू लागतात. जिथे रुग्णाचा उल्लेख खाटेच्या क्रमांकाने होतो, तिथे आठवड्याभरात त्यांच्याही तोंडी क्रमांक येतो. मनुष्यबळ कमी असलेल्या वॉर्डात विद्यार्थिनींनाच जागा भरून काढावी लागते, आणि इंजेक्शने, सलाईन, नोंदी उरकताना रुग्णाजवळ दोन मिनिटे उभे राहणे सर्वांत आधी सुटते. हा दोष मुलींच्या स्वभावावर ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून मुलीच्या अबोलपणाची चिंता करण्यापेक्षा प्रवेश घेताना महाविद्यालयाला विचारा की क्लिनिकल पोस्टिंग कोणत्या रुग्णालयात असते, तिथे शिक्षिका प्रत्यक्ष वॉर्डात मुलींबरोबर थांबतात का, आणि एका शिक्षिकेकडे किती मुली असतात.