एकाच ट्रेमधल्या दोन लाईनी

जेसीबीने तोडलेली फायबर केबल कधीच सरळ तुटत नाही. बाहेरच्याला वाटतं, तार तुटली, जोडली, झालं. पण बकेटच्या दातात अडकली की केबल आधी खेचली जाते आणि मग तुटते. आतली काच भलतीकडेच गेलेली असते. मरोळला त्या रात्री हेच झालं. रस्ता काँक्रीटचा करायचं काम चालू होतं, पहाटे तीनच्या सुमाराला ९६ फायबरची केबल गेली. ओटीडीआर, म्हणजे उजेड सोडून काच कुठे तुटली ते दाखवणारं मशिन, लावून बघितलं तर दिसणाऱ्या तोंडापासून चाळीसेक मीटर आत अजून एक ब्रेक. म्हणजे मधला तुकडाच बदलायचा, दोन्हीकडच्या चेंबरमध्ये जॉइंट मारायचे. ९६ च्या दुप्पट, १९२ स्प्लाइस, म्हणजे काचेला काच वितळवून मारलेले जोड.

वर आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी येऊन उभी. मुकादम म्हणाला, "तासाभरात उरका भाऊ, नाहीतर आम्ही ओतणार." त्याचंही खरं होतं, माल ड्रममध्ये किती वेळ फिरवत ठेवणार? खोदण्याआधी खाली कोणाचं काय आहे ते विचारायला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी ॲप मार्च २०२३ मध्ये आलं. जेसीबीवाल्याला मी त्याबद्दल विचारलं, तर त्याने मलाच विचारलं, त्यात गाडीचे हप्ते भरता येतात का.

खड्ड्यात नवीन डक्ट टाकून नवा तुकडा ओढून घेतला, खड्डा त्यांना मोकळा करून दिला. एका चेंबरवर मी, दुसऱ्यावर माझा जोडीदार.

इथून पुढचं काम मला आवडतं. केबलमधली प्लास्टिकची ट्यूब सोलायची, जेल पुसायचं. बारा फायबर बाहेर येतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. हा क्रम मला झोपेतून उठवून विचारा. आधी स्लीव्ह, म्हणजे जोडावर चढवायची नळी, ओवायची. ती विसरला की जोड तोडून पुन्हा पहिल्यापासून. मग वरचा रंगीत थर स्ट्रिपरने काढायचा, अल्कोहोलने पुसायचं. हातात उरते १२५ मायक्रॉनची काच. त्यातला उजेड जातो तो भाग फक्त नऊएक मायक्रॉनचा. क्लीव्हरने तोंड काटकोनात कापायचं आणि मशिनमध्ये ठेवायचं. स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर येतात, थांबतात, एकमेकांची रेषा धरतात, मग आर्क, म्हणजे विजेची ठिणगी पडते आणि काच वितळून जुळते. लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा उजेड, ०.०२ डीबी. पोरं ०.०८ आला तरी "चालतंय" म्हणून पुढे जातात. मी तोडतो आणि परत मारतो. वर बसलेल्यांना हा फरक दिसत नाही आणि पैसे जॉइंटमागे मिळतात, तेव्हा ही हौस स्वतःच्या खिशातून. मूळ कंपनी, तिचा ठेकेदार, त्याचा ठेकेदार आणि मग आम्ही.

तेवढ्यात कंट्रोल रूममधून फोन. "निळ्या ट्यूबमधली ३ आणि ४ आधी घे. शेअर दलालाचं ऑफिस आहे, सव्वानऊला बाजार उघडतो."

तिसरी, हिरवी मारली. तिकडून जोडीदाराने मारली. "आली." चौथी, तपकिरी मारली. यावेळी "आली" म्हणायला फोन आला तो दुसऱ्याच कंपनीच्या माणसाचा. मी म्हटलं, ही केबल तर तुमची नाही. तो म्हणाला, "फायबर लीजवर घेतलंय आम्ही. त्याच क्लायंटची बॅकअप लाईन आहे ती."

इथे कोणी खोटं बोललं असंही नाही. मुंबईत रस्ता खोदायची परवानगी मिळवायची आणि वर रस्ता पूर्ववत करायचे पैसे भरायचे, त्यापेक्षा दुसऱ्याच्या केबलमधला एक फायबर भाड्याने घेणं केव्हाही परवडतं. एकदा काँक्रीट झालं की पुढे विचारायलाच नको. कंपन्या दोन, बिलं दोन, आणि काच एका ट्यूबमध्ये खेटून. या मरोळच्या शेजारीच १९७३ मध्ये सीप्झ, म्हणजे निर्यातीच्या कारखान्यांचं क्षेत्र, उभं राहिलं. इथून परदेशाला सॉफ्टवेअर जायला लागलं तेव्हा देशात इंटरनेट नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने ते लोकांना दिलं तेव्हा साध्या फोनवरून सेकंदाला ९.६ किलोबिट. आता ऑगस्ट २०२५ च्या एका महिन्यात यूपीआयचे २००० कोटी व्यवहार झाले. वरचे आकडे असे वाढत गेले, खालचे खंदक त्या मानाने वाढले नाहीत. एकाच खंदकात आम्ही केबलवर केबल टाकत आलोय.

साडेआठला त्या ऑफिसच्या आयटीवाल्या मॅडम स्वतः चेंबरपाशी आल्या. रात्रभर जाग्या दिसत होत्या. त्यांनी आधी चहा मागवला आणि मग विचारलं, "दादा, आमच्या दोन लाईनी आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या रूटच्या. दोन्ही एकाच मिनिटाला कशा गेल्या?"

सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. त्याने आधीच बजावलं होतं, रिपोर्टमध्ये लांबी आणि लॉस, बाकी एक अक्षर नाही. दुसऱ्या कोणाला फायबर दिलाय हे त्या कंपनीचं गुपित, आणि पुढच्या महिन्याचं कामही तीच देणार.

मी एवढंच म्हटलं, "मॅडम, दोघांकडून रूटची केएमझेड, म्हणजे नकाशाची फाईल मागवा. एकावर एक ठेवून बघा."

सव्वानऊच्या आत त्यांचं सगळं चालू झालं. उरलेले जॉइंट संपवायला आम्हाला दुपार झाली, त्या वेळेपर्यंत वरचं काँक्रीट पायाला लागेल इतकं घट्ट झालं होतं.

परवा त्यांचा मेसेज आला, मुकादमाकडून नंबर मिळवला म्हणे. दोन्ही फाईली मिळाल्या. एक रेषा मिलिटरी रोडने येते, दुसरी मरोळ-मरोशी रोडने. "कुठेच एकत्र येत नाहीत. मग झालं काय होतं?"

तो दुसरा नकाशा कोणी आणि कशावरून काढला ते मला माहीत नाही. बहुतेक भाड्याने घेण्याआधी जो रूट खोदायचा विचार होता, तोच फाईलमध्ये राहून गेला असावा. माझ्या फोनमध्ये जोड ठेवतात त्या ट्रेचा फोटो आहे. हिरवी आणि तपकिरी, दोन स्लीव्ह शेजारी शेजारी, वर लेबल. नियमाने तो फक्त मूळ कंपनीला जातो आणि तो गेलाही आहे. जोडीदार म्हणतो, नंबर ब्लॉक कर. सुपरवायझरला मी अजून सांगितलेलं नाही. मॅडमनी काल पुन्हा एक प्रश्नचिन्ह पाठवलंय.