मृत्युपत्र उद्या बदलायचं, म्हणजे खून आज रात्री

जेवणाच्या टेबलावर घरचा म्हातारा जाहीर करतो, "उद्या सकाळी वकील येतोय." बस्स. सकाळपर्यंत तो अभ्यासिकेत मरून पडलेला असणार, हे पडद्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला कळून चुकतं. रहस्यपटांमधल्या कायद्याच्या चुका मोजायला बसलं तर वही भरेल, पण हा सगळ्यात घिसापिटा प्रसंग मात्र कायद्याच्या कसोटीला पुरेपूर उतरतो. मृत्युपत्र बदलायचा नुसता बेत म्हणजे बदल नव्हे. सही आणि साक्षी होईपर्यंत जुनंच मृत्युपत्र चालतं, मग म्हाताऱ्याच्या मनात काय होतं हे साऱ्या घराने ऐकलेलं का असेना. तेव्हा खुन्याची घाई अगदी रास्त आहे.

अपवाद आहेत, पण ते देशागणिक बदलतात. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १९४८ साली सेसिल जॉर्ज हॅरिस हा शेतकरी ट्रॅक्टरखाली अडकला आणि त्याने मडगार्डवर चाकूने कोरलं की आपण मेलो तर सगळं बायकोला. तिथे स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, म्हणून न्यायालयाने तो पत्रा मृत्युपत्र म्हणून मान्य केला. हेच इंग्लंडमध्ये घडलं असतं तर साक्षीदार नाहीत म्हणून ते कोरीवकाम निव्वळ भंगार ठरलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१७ मध्ये फोनमध्ये लिहून ठेवलेला, पण कुणालाही न पाठवलेला मजकूर मृत्युपत्र म्हणून स्वीकारला. म्हणजे आजच्या खुन्याला म्हाताऱ्याचा फोनही चाळायला हवा, आणि पटकथाकाराने कथा कुठल्या देशात घडते हे आधी पक्कं करायला हवं.

ते मात्र सहसा होत नाही. "तुला फुटकी कवडी मिळणार नाही" ही धमकी सिनेमात कुठेही चालते. प्रत्यक्षात ती ठरावीक देशांतच खरी असते. फ्रान्समध्ये मुलांचा वाटा कायद्यानेच राखून ठेवलेला आहे: एक मूल असेल तर मालमत्तेचा निम्मा भाग, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. तिथला बाप कितीही संतापला तरी उरलेल्या भागापुरताच संतापू शकतो. मुस्लिम कायद्यात इतर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. धुक्यात बुडालेले किल्ले रहस्यपटांना फार आवडतात, पण स्कॉटलंडचा कायदाही मुलांना जंगम मालमत्तेत हक्क देतो: मृताचा जोडीदार हयात असेल तर एक तृतीयांश, नसेल तर निम्मा. किल्ला हातचा जाईल, शेअर आणि बँकेतले पैसे पूर्ण जाणार नाहीत.

मग ही धमकी खरी होती कुठे? इंग्लंडमध्ये. तिथे १९३८ चा कुटुंबाच्या तरतुदीचा कायदा येईपर्यंत नवरा बायकोला आणि बाप मुलांना एका पैशाशिवाय वाऱ्यावर सोडू शकत असे, आणि न्यायालय काही करू शकत नसे. बंगला, बारा पाहुणे आणि एक प्रेत या धाटणीच्या रहस्यकथा बहरल्या त्या नेमक्या १९२० आणि १९३० च्या दशकांत. हा मला योगायोग वाटत नाही. एका माणसाच्या सहीवर साऱ्या घराचं पोट अवलंबून असेल तरच घरातल्या दहाही जणांकडे खुनाचं कारण असतं. कायदा पुढे बदलला आणि १९७५ पासून तर जोडीदार, मुलं आणि अवलंबून असलेली इतर माणसंही न्यायालयात जाऊन तरतूद मागू शकतात, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सिनेमा मात्र अजून १९३८ च्या अलीकडे आलेला नाही.

मृत्युपत्राच्या जाहीर वाचनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. सगळ्या नातेवाइकांना दिवाणखान्यात बसवून वकिलाने मोठ्याने वाचायलाच हवं, असा नियम इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यात नाही. मृत्युपत्र व्यवस्थापकाच्या ताब्यात जातं, वारसांना पत्र येतं, आणि प्रोबेट झालं की इंग्लंडमध्ये ते कुणालाही शुल्क भरून पाहता येतं. कॅमेऱ्याला एका फेरीत सगळ्या संशयितांचे चेहरे टिपता येतात, एवढाच त्या दृश्याचा कायदेशीर आधार.

जळलेल्या मृत्युपत्राची गोष्ट त्याहून रंगतदार आहे. शेकोटीत कागदाचा अर्धवट जळालेला कोपरा सापडतो आणि सगळे समजतात की मृत्युपत्र संपलं. इंग्लंडच्या १८३७ च्या मृत्युपत्र कायद्यानुसार जाळून किंवा फाडून मृत्युपत्र रद्द करायचं तर ते करणाराच जाळू शकतो, किंवा त्याच्या सांगण्यावरून आणि त्याच्यासमोर दुसरं कुणी. आणि रद्द करण्याचा इरादाही हवा. पुतण्याने मध्यरात्री गुपचूप जाळलं तर कायद्याच्या लेखी मृत्युपत्र जिवंत आहे, फक्त त्यात काय लिहिलं होतं ते शाबित करावं लागतं. प्रत चालते, मसुदा चालतो, साक्ष चालते. उलट, रागाच्या भरात म्हाताऱ्याने स्वतःच पण झेरॉक्स फाडली, तर काहीच रद्द होत नाही.

साक्षीच्या जोरावर मृत्युपत्र परत उभं राहू शकतं याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १८७६ चं आहे. लॉर्ड सेंट लेनर्ड्स हे इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचे प्रमुख, मालमत्तेच्या कायद्यावर ग्रंथ लिहिलेला माणूस. ते वारल्यावर पेटी उघडली तर मृत्युपत्राच्या पुरवण्या जागेवर, आणि मूळ मृत्युपत्र गायब. त्यांची मुलगी शार्लट सगडन हिला ते इतकं पाठ होतं की तिने आठवणीतून मजकूर सांगितला. तिचा स्वतःचा त्यात लाभ असूनही न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला.

पण खुन्याच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. मूळ प्रत शेवटची मृताच्याच ताब्यात होती आणि ती सापडत नसेल, तर त्यानेच ती रद्द करायला नष्ट केली असं न्यायालय गृहीत धरतं. हे गृहीत खोडता येतं, पण खोडण्याचा भार वारसावर. म्हणून वकिलाच्या तिजोरीत ठेवलेलं मृत्युपत्र आणि घरच्या कपाटातलं मृत्युपत्र यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. आणि म्हणूनच शेकोटीतला तो न जळालेला तुकडा ठेवून जाणारा खुनी महामूर्ख: काहीच सापडलं नसतं तर कायदा त्याच्या बाजूने झुकला असता. डिटेक्टिव्हने विचारायचा प्रश्नही 'कागदावर काय होतं' हा नव्हे. काडी ओढली कुणी, आणि तेव्हा म्हातारा जिवंत होता का?

साक्षीदारांकडे पडद्यावरचे डिटेक्टिव्ह क्वचितच बघतात, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. इंग्लिश कायद्यात दोन साक्षीदार लागतात, दोघेही एकाच वेळी हजर हवेत, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्रातून काही दिलं असेल तर तेवढं दान रद्द होतं; बाकी मृत्युपत्र तसंच राहतं. मजकूर साक्षीदाराला माहीत असण्याची गरज नसते. त्यामुळे स्वयंपाकीण आणि माळी यांना घाईने वर बोलावून सही घेतली असेल, तर एक अंदाज लगेच बांधता येतो: त्या दोघांना त्या मृत्युपत्रात काही नसावं, कारण जाणता वकील लाभार्थ्याला साक्षीला उभा करत नाही. आणि वकिलाशिवाय उरकलेलं असेल, तर विश्वासू बटलरने मालकासाठी सही ठोकून स्वतःच्याच हक्कावर पाणी सोडलेलं असू शकतं. खून करून काही मिळणार नाही, हे बिचाऱ्याला माहीतच नसतं. भारतात हा मुद्दा वेगळा आहे: लाभ रद्द करणारं कलम हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू नाही, आणि दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याचंही बंधन नाही.

आता खुनी वारसाचा प्रश्न. १८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एल्मर पामर या सोळा वर्षांच्या मुलाने आजोबांना विष घातलं, कारण ते मृत्युपत्र बदलतील अशी त्याला भीती होती. कायद्यात 'खुन्याला वारसा नाही' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि मृत्युपत्र निर्दोष होतं. तरीही १८८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने बहुमताने ठरवलं की स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कुणालाही घेता येणार नाही. आज हा नियम अनेक देशांच्या कायद्यात लेखी आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ मध्ये तर खुनाला साथ देणाराही अपात्र ठरतो.

या नियमाची खरी गंमत पुढच्या पायरीवर आहे. खुनी आधीच मेला होता असं मानलं जातं आणि वाटा पुढच्याकडे सरकतो. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या वारसाला म्हाताऱ्याला मारायची गरजच नाही. पहिल्या क्रमांकाच्या वारसावर खुनाचा आळ घातला की काम झालं. २०१९ च्या 'नाइव्हज आउट'मध्ये हा नियम नाव घेऊन येतो आणि कथेची कळ त्यावरच फिरते; एवढा नेमका वापर दुर्मीळ. त्यातही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे फौजदारी खटल्यात सुटका झाली म्हणून वारसा मिळतोच असं नाही. दिवाणी न्यायालय वेगळ्या, सैल कसोटीवर पुरावा तोलतं. 'निर्दोष' ऐकून न्यायालयाबाहेर शॅम्पेन उघडणारा खुनी जरा घाई करतोय. उलट, वेडाच्या भरात केलेल्या खुनाला इंग्लंडमध्ये हा नियम लागत नाही.

खुन्याच्या मुलांचं काय? इंग्लंडमध्ये पूर्वी बाप जिवंत असेपर्यंत तीही अडकायची: आजोबांचा खून बापाने केला आणि नातू रिकाम्या हाताने राहिला. २०११ चा कायदा आल्यावर ते दुरुस्त झालं. पण त्यातून नवाच हेतू जन्माला येतो: मरायला टेकलेल्या बापाने खून करायचा, शांतपणे पकडलं जायचं, आणि मालमत्ता मुलांच्या हाती. हा सिनेमा कुणीतरी काढावा.

थांबलेल्या घड्याळाचा क्लृप्तिपट असतो, त्यालाही कायद्याचा आधार आहे. नवरा आधी मेला की बायको, यावर कुठल्या बाजूचे नातेवाईक श्रीमंत होणार ते ठरतं. कोण आधी गेलं हे कळत नसेल तर इंग्लंडच्या १९२५ च्या कायद्यात वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर मेली असं धरतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वारस १२० तास जास्त जगलेला असावा लागतो. त्या राज्यांत घड्याळाचे काटे तासाभराने फिरवणाऱ्या खुन्याची सगळी मेहनत वाया जाते.

राहिला कर्जात बुडालेला पुतण्या, सगळ्यांचा आवडता संशयित. सावकार आठवडाभराची मुदत देतात आणि तो काकांना संपवतो. पण प्रोबेटला महिने लागतात, आधी देणी फेडली जातात, आणि इंग्लंडमध्ये वर्षभराच्या आत वाटप करण्याचं बंधन व्यवस्थापकावर नसतं. सव्वातीन लाख पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर सर्वसाधारणपणे ४० टक्के वारसा कर, आणि तो बराचसा प्रोबेट हाती येण्याआधी भरायचा. सावकाराच्या आठवड्यात यातलं काहीही बसत नाही. लगेच पैसे मिळतात ते मृत्युपत्राबाहेरून: संयुक्त खात्यातून आणि विम्यातून. संयुक्त खात्यात दुसरं नाव कुणाचं आहे, हे बँकेला विचारायला पडद्यावरचा डिटेक्टिव्ह सहसा जातच नाही.