तुम्ही विचारलंत म्हणून : पावसात लेझर कसा चालतो?

मी उपग्रहांच्या लेझर संपर्कावर काम करतो हे रत्नागिरीत कुणाला कळले, की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "अहो, पाऊस लागला की आमचा छत्रीवरचा टीव्ही जातो, मग तुमचा लेझर कसा काय चालायचा?" प्रश्न रास्त आहे, आणि जून ते सप्टेंबर ज्याने कोकणात काढले आहेत त्यालाच तो आधी सुचणार. टीव्हीच्या छत्रीवर येणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. पावसाचे थेंब त्यांची शक्ती काही अंशी शोषून घेतात आणि काही अंशी विखरून टाकतात. लेझरचे तर याहून वाईट, कारण दाट ढगातून तो पार होतच नाही.

परंतु मी ज्या लेझरविषयी बोलतो तो दोन उपग्रहांच्या मधला असतो. आपल्याकडचे सर्वांत उंच पावसाळी ढगही पंधरा-सतरा किलोमीटरच्या फारसे वर जात नाहीत, आणि हे उपग्रह काहीशे किलोमीटर किंवा त्याहून उंचावर फिरतात. तेथे ना ढग, ना वाफ, ना धूळ. पाऊस आडवा येतो तो शेवटच्या टप्प्यात, म्हणजे आकाशातून जमिनीवर उतरताना. म्हणूनच उपग्रहांवरून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकसारख्या सेवा उपग्रहांमध्ये लेझर वापरतात आणि घरच्या छपरापर्यंत मात्र रेडिओ लहरीच आणतात. नासाने आपल्या लेझर प्रयोगासाठी जमिनीवरची केंद्रे हवाई बेटांतील हालेआकालाच्या शिखरावर आणि कॅलिफोर्नियातील टेबल माउंटनवर उभारली ती तेथे ढगांचा अडथळा कमी म्हणून. आपल्या देशात असे केंद्र उभारायचे झाल्यास मी रत्नागिरीचा आग्रह धरणार नाही, लडाखमधील हानलेकडे बोट दाखवीन.

तेव्हा पावसाचे उत्तर इतकेच. खरी अडचण नेम धरण्याची आहे, आणि माझे सगळे काम तिच्याभोवतीच फिरते.

१.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींचा प्रकाश दहा सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून सोडला, तर त्याचा झोत ढोबळ मानाने पंधरा मायक्रोरेडियन इतकाच, म्हणजे किलोमीटरमागे दीड सेंटिमीटर, फाकतो. पृथ्वीची गोलाई आणि मधली हवा क्षणभर विसरलो, तर रत्नागिरीहून सोडलेला असा झोत शंभरेक किलोमीटरवरच्या मालवणला जेमतेम दीड मीटर रुंद होऊन पोचेल. ५५० किलोमीटर उंचीवरचे दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे पाच हजार किलोमीटर दूर गेले की मध्ये पृथ्वी आणि तिचे वातावरण येते; त्या कमाल अंतरावरही झोताची रुंदी पाऊणशे-ऐंशी मीटरच भरते. आता तेवढे अंतर कापायला प्रकाशाला एक साठांश सेकंद लागतो. समोरचा उपग्रह आपल्या दृष्टिरेषेला आडवा सेकंदाला साडेसात किलोमीटर सरकत असेल, तर आपल्याला तो दिसतो तेथून तो प्रत्यक्षात सव्वाशे मीटर पुढे गेलेला असतो, आणि आपला प्रकाश पोचेपर्यंत आणखी सव्वाशे मीटर पुढे जाणार असतो. म्हणजे तो जेथे दिसतो त्याच्या अडीचशे मीटर पुढे नेम धरायचा, आणि झोत तर ऐंशी मीटरचा! दिसेल तेथे नेम धरला, तर प्रकाश हमखास वाया जातो.

हे गणित तरी चोख मांडता येते. थरथर तशी वश होत नाही. उपग्रहाची दिशा सांभाळण्यासाठी त्यात सतत फिरणारी चाके असतात, त्यांना रिॲक्शन व्हील म्हणतात. चाक मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या सूक्ष्म असमतोलामुळे सेकंदाला पन्नास हिसके बसतात, आणि दुर्बिणीचा एखादा आधार नेमका त्याच वारंवारतेला थरथरणारा निघाला तर तो हिसका कित्येक पटींनी वाढतो. प्रयोगशाळेतल्या टेबलावर हे डोळ्यांनी पाहता येते : चार भागांत विभागलेल्या प्रकाशशोधकावर स्थिर राहायला हवा असलेला ठिपका चाकाचा वेग त्या आकड्यापाशी आला की लंबवर्तुळ काढू लागतो, आणि वेग पुढे सरकला की पुन्हा जागेवर बसतो. त्या शोधकाचे चारही भाग समान प्रकाश दाखवतील अशा बेताने दोनेक सेंटिमीटरचा एक आरसा सेकंदाला हजारो वेळा किंचित वळवत राहायचा, हा यावरचा मुख्य उपाय. त्याच्या जोडीला तो आधार अधिक ताठ करता येतो, किंवा चाकाला त्या वेगावर रेंगाळू न देण्याचा नियम घालता येतो. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे, पण तो सर्वांत उशिरा स्वीकारला जातो, कारण चाके दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीत असतात.

लेझरचा हा दुवा जुळण्याआधी दोन्ही उपग्रहांनी एकमेकांना शोधावे लागते, आणि सुधारणेला सर्वाधिक वाव मला येथेच दिसतो. उपग्रह ताऱ्यांकडे पाहून आपली दिशा ठरवतो, पण सुमारे दर पंचाण्णव मिनिटांनी ऊन आणि सावली अनुभवणारा त्याचा सांगाडा किंचित वाकतो, त्यामुळे अंदाज शेकडो मायक्रोरेडियनने चुकू शकतो. मग अरुंद झोत चक्राकार फिरवत समोरच्याला हुडकावे लागते. आधीच्या दुव्यांच्या नोंदींवरून ही उष्णतेची चूक शिकून अनिश्चितता निम्मी केली, तर शोधायचे क्षेत्र आणि त्याबरोबर वेळही चौथाईवर येतो.

वर्तमानपत्रांत मात्र वेगाचेच आकडे येतात. नोव्हेंबर २००१ मध्ये स्पॉट-४ आणि आर्टेमिस या युरोपीय उपग्रहांनी सेकंदाला ५० मेगाबिट पाठवले, २००८ मध्ये जर्मनीच्या टेरासार-एक्सने अमेरिकेच्या एनफायरबरोबर ५.६ गिगाबिट गाठले, आणि आज शंभर गिगाबिटची भाषा चालते. हे आकडे खोटे नाहीत. पण दिवसभरात दुवा प्रत्यक्ष किती वेळ जुळलेला राहिला, हे मी आधी विचारतो. उपग्रहांच्या एकमेकांसापेक्ष वेगामुळे प्रकाशाची वारंवारता चार-साडेचार गिगाहर्ट्‌झपर्यंत सरकते, हीदेखील अडचणच, पण प्रकाश ग्रहण करणारी यंत्रे आता ती चांगली सांभाळतात.

सूर्यापुढे मात्र इलाज नाही. समोरचा उपग्रह सूर्यबिंबाजवळून सरकताना दिसतो तेव्हा त्याचा मंद झोत उन्हात बुडून जातो. प्रकाशाच्या गाळण्या (फिल्टर) लावून हा काळ आखडता येतो, टाळता येत नाही. तो केव्हा येणार हे कक्षांच्या गणितावरून आधीच कळते, म्हणून तेवढ्यापुरता तो दुवा बंद ठेवून माहिती दुसऱ्या शेजारी उपग्रहामार्फत वळवण्याचे वेळापत्रक अगोदरच तयार ठेवले जाते.