२१.५२ची नोंद

वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचासमोर उपकेंद्राच्या यंत्रचालकाला सहसा कोणी बोलावत नाही. तिथे उपविभागाचे साहेब जातात, फार तर लेखा शाखेचा कोणीतरी फाइल धरून मागे बसतो. मला बोलावलं ते मूळ रजिस्टर हवं होतं म्हणून. जळालेलं रोहित्र उशिरा बदलल्याच्या भरपाईचं ते प्रकरण. निकाल लागला, पैसेही मिळाले, तरी ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मी ३३/११ केव्ही उपकेंद्रात पाळीवर असतो, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवून पुढे पाठवतात तिथे. नगर जिल्ह्याचा उत्तर भाग, ऊस आणि कांदा. लोकांना वाटतं, आमच्या पॅनेलवर सगळं दिसतं, कुठे लाइट गेली की आम्हाला कळतं. फीडर, म्हणजे इथून निघणारी ११ केव्हीची अख्खी लाइन, गेला तर कळतं. त्या लाइनवरची एक डीपी, म्हणजे रोहित्र, जळाली तर नाही कळत. १०० केव्हीएचं रोहित्र पूर्ण भाराने चाललं तरी ११ केव्हीच्या बाजूला सव्वापाच अँपिअरच घेतं. शेतीचा फीडर रात्रीच्या पाळीत १८० अँपिअरवर चालू असतो, आणि मोटारी चालू-बंद होण्यानेच काटा त्याहून जास्त हलतो. म्हणजे वीसेक घरांचं पाणी थांबलं तरी माझ्या पॅनेलवर त्याची खूण नसते. कोणी फोन केला आणि मी तो लिहिला, तरच ती डीपी बंद आहे हे कुठेतरी नोंदलं जातं.

११ फेब्रुवारी २०१९ला रात्री ९.३८ला त्या फीडरचा ब्रेकर पडला, म्हणजे लाइन आपोआप बंद झाली. दोष ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या रिलेवर बी फेज ओव्हरकरंट आणि अर्थफॉल्ट. ९.४४ला चार्ज करून, म्हणजे पुन्हा चालू करून पाहिला, टिकला. टिकला याचा अर्थ दोष लाइनवर राहिलेला नाही, कुठल्यातरी डीपीचा डीओ (खांबावरचा फ्यूज) उडून ती वेगळी झाली आहे. मी फोनची वाट पाहत होतो, आणि ९.५२ला आलाच. तिथल्या डीपीवरचे शेतकरी तात्या बोलत होते. "भाऊ, मोठा आवाज झाला, डीपीतून तेल उडालं. कांद्याला पाणी लावलं होतं, मोटार बंद पडली." मी म्हणालो, "तात्या, डीपीजवळ जाऊ नका, बॅटरी घेऊन आधी घरी जा." त्या शिवारात बिबट्याचा वावर असतो. मग लिहिलं : ११/२, २१.५२, डीपीचं नाव, तक्रारदाराचं नाव, वायरमनला कळवलं २१.५५.

आमच्याकडे लॉगशीट दर तासाला भरायचं असतं. व्होल्टेज, प्रत्येक फीडरचे अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान, बॅटरीचं व्होल्टेज. काही जण पाळी संपताना आठही तासांचे आकडे एका दमात भरतात, आणि ते पाहताक्षणी ओळखू येतं, कारण भार इतका सरळ कधी चढत-उतरत नसतो. मी घडेल तेव्हाच लिहितो. ट्रिपिंग (ब्रेकर पडणं), चार्जिंग, परमिट (बंद लाइनवर काम करायची परवानगी) दिलं, परमिट परत आलं, तक्रार आली. परमिटच्या वेळेवर खांबावरच्या माणसाचा जीव असतो, म्हणून पहिल्या दिवसापासून हातालाच तशी सवय लावली. रिलेही वेळ जपून ठेवतो, पण शेवटची मोजकीच ट्रिपिंग. नवीन आली की जुनी पुसली जातात. सुनावणीच्या वेळी रिलेत फेब्रुवारीतलं काही उरलेलं नव्हतं. शाई तेवढी उरली होती.

दुसऱ्या दिवशी वायरमनने मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून पाहिला. एचटी कॉइल, म्हणजे डीपीतली ११ केव्हीच्या बाजूची गुंडाळी, गेली होती. त्याने १२ तारखेलाच नादुरुस्तीचा अहवाल शाखेत दिला. तो पोरगा कंत्राटी आहे, हातमोजे फाटलेले, तरी त्याच्या बाजूने एक दिवसही उशीर झाला नाही. अहवाल पुढे गेला १६ तारखेला सकाळी ११ वाजता, आणि शाखेच्या रजिस्टरला डीपी नादुरुस्त झाल्याची तारीखही तीच पडली. मधल्या दिवसांत वसुली चालली होती. डीपीवर २४ जोडण्या, बऱ्याच जणांची थकबाकी, आणि निरोप असा की पैसे भरा, मग डीपी.

याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. थकबाकीसाठी वीज तोडायची तर विद्युत कायदा २००३च्या कलम ५६प्रमाणे त्या ग्राहकाला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. जळालेली डीपी अडवून धरणं म्हणजे नोटीस न देता सगळ्यांची वीज तोडणं, आणि त्यात पैसे भरणाराही भरडला जातो. तात्यांचं बिल भरलेलं होतं. शाखेचे साहेब वाईट माणूस नाहीत, दोन शाखांचा भार एकट्याने ओढतात, वसुलीच्या बैठकीत त्यांनाच उभं करतात. पण त्या बैठकीत किती डीपी किती तास बंद राहिल्या, हा प्रश्न कधी निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

डीपी बदलली २ मार्चला. आणायला ट्रॅक्टर शेतकऱ्यांचाच, डिझेलसाठी वर्गणी त्यांचीच. संध्याकाळी ६.१०ला चार्ज झाली, ती नोंदही माझ्याच अक्षरात आहे. तोवर कांदा पोसायच्या ऐन वेळी पाण्यावाचून राहिला होता.

ग्रामीण भागात रोहित्र ४८ तासांत बदललं पाहिजे, असं वीज नियामक आयोगाच्या कृतीच्या मानकांत होतं. त्यापुढे प्रत्येक तासाला, तासाच्या भागालाही, ५० रुपये भरपाई. पण ग्राहकाने स्वतः मागायची, आणि पुरवठा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. तात्यांचा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, त्याने नियम शोधले आणि एप्रिलमध्ये अर्ज टाकला. आधी कंपनीच्याच अंतर्गत कक्षाकडे, तिथे काही झालं नाही म्हणून मंचाकडे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी उपविभागातून फोन आला. लॉगशीट आणा, तक्रारीचं रजिस्टर आणायची गरज नाही, ते काही अधिकृत नाही. मंचाच्या पत्रात दोन्ही मागितली होती. मी दोन्ही नेली.

समोर तीन जण : अध्यक्ष, कंपनीचाच एक अधिकारी सदस्य आणि ग्राहक संघटनेचे प्रतिनिधी. वकिलांना तिथे मनाई असते, त्यामुळे पुतण्याच बोलत होता. आमच्या साहेबांनी सांगितलं की तक्रार १६ तारखेची. मुदतीचे ४८ तास वजा करून २९६ तास, म्हणजे १४,८०० रुपये. पुतण्या म्हणाला, ११ तारीख, ४०५ तास, २०,२५०. साहेबांचा दुसरा मुद्दा असा की शेतीला दिवसातून ठरावीक तासच वीज असते, तेवढेच तास धरा. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. त्यात उशिराचे तास आहेत, पुरवठ्याचे नाहीत. मग साहेब म्हणाले, उपकेंद्रात केलेला फोन ही तक्रारच नव्हे, तक्रार शाखेत किंवा कॉल सेंटरला करायची असते.

अध्यक्षांनी मला विचारलं, "गावात कोणता नंबर लिहिलाय?"

मी सांगितलं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कंपनीनेच रंगवलेला नंबर उपकेंद्राचा आहे. पुतण्याकडे मोबाइलमध्ये त्याचा फोटो होता. ग्राहक प्रतिनिधींनी माझं रजिस्टर मागून घेतलं, लॉगशीटमधलं ९.३८चं ट्रिपिंग आणि ९.५२चा फोन शेजारी ठेवून पाहिले, मागची-पुढची पानंही उलटली. ११ तारीख धरली गेली. कांद्याच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळाला नाही, कारण अप्रत्यक्ष नुकसान देण्याचा मंचाला अधिकारच नाही. २०,२५० रुपये तात्यांच्या बिलात जमा झाले.

निकालाची बातमी फिरल्यावर त्याच डीपीवरचे बाकीचे लोक उपकेंद्रात आले. आमचीही नोंद त्याच रजिस्टरमध्ये आहे ना, मग आम्हाला का नाही? काय सांगणार? ६० दिवस कधीच उलटले होते. काहींच्या जोडण्या अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. २४ जोडण्यांचे २०,२५०प्रमाणे ४,८६,००० रुपये होतात. कंपनीने दिले एकाला. एवढी रक्कम खरोखर द्यावी लागेल अशी धास्ती असती, तर १२ तारखेचा अहवाल १६पर्यंत टेबलावर पडून राहिला असता का?

३१ डिसेंबर २०२०ला केंद्राचे ग्राहक हक्क नियम आले. त्यात आपोआप भरपाईची तरतूद आहे, पण जे दुरून मोजता येतं त्याच्यापुरती. बिनमीटरच्या शेतीजोडण्यांच्या डीपीवर दुरून काय मोजणार? म्हणून मी साहेबांना लेखी दिलं आहे की उपकेंद्रात आलेल्या प्रत्येक फोनला तक्रार क्रमांक द्यावा आणि डीपी बंद पडल्याची वेळ त्यावरून धरावी. उत्तर आलेलं नाही. तोवर माझ्या पाळीत फोन आला की मी लिहिलेली तारीख आणि वेळ त्या माणसाला वाचून दाखवतो, कागदावर टिपून घ्यायला लावतो, आणि त्या डीपीवरच्या प्रत्येकाने वेगळा अर्ज करायचा, मुदत चुकवायची नाही, एवढं सांगतो. हे माझं काम नाही, असं मला दोनदा ऐकवलं गेलं. बाकीच्या पाळ्यांतल्या यंत्रचालकांपैकी एक जण आता तसंच करायला लागला आहे.