‘आम्हाला तर काही दिसत नाही’ : एका एक्सेल फाइलपायी अठरा दिवस

एक एक्सेल फाइल वेबसाइटवरून काढायला लेकीच्या कॉलेजने अठरा दिवस घेतले. त्यातले निम्म्याहून जास्त दिवस तिथे काही चुकलंय हे पटवण्यातच गेले. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून टाकतोय.

एका दुपारी लेकीला फोन आला, "शिष्यवृत्ती मंजूर झालीय, ओटीपी सांगा." तिने फोन ठेवून दिला. पण बोलणाऱ्याला तिचं पूर्ण नाव, वर्ग, बँकेची शाखा सगळं ठाऊक होतं. त्याला ते कुठून मिळालं हे आजवर कळलेलं नाही. रात्री तिचा मोबाइल नंबर अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधला (तुम्हीही शोधून बघा, वाचन थांबवून), तर वरच तिचं कॉलेज. शिष्यवृत्तीधारकांची यादी. निकालाखालच्या दोन ओळींत तिचा नंबर आणि त्याला चिकटून बारा आकडी आधार.

फाइल उघडली तर त्यात नंबर नाहीच. अनुक्रमांक, नाव, वर्ग, शेरा, संपलं. पाच मिनिटं नुसता बघत बसलो. मग वरच्या अक्षरांकडे लक्ष गेलं. ए, बी, सी आणि एकदम जे. मधले सहा कॉलम कुणीतरी ‘हाइड’ करून ठेवले होते. सी आणि जे एकत्र निवडले, राइट क्लिक, अनहाइड, की ३१२ मुलांचे आधार, मोबाइल, खाते क्रमांक, आयएफएससी, प्रवर्ग आणि घरचं वार्षिक उत्पन्न. त्यात आमच्या गल्लीतली दोघं होती. त्यांच्या घरात वर्षाला किती येतात हे मला कळायचं काही कारण नव्हतं, आणि त्यांना माझं.

इथे मी स्वतः एक गाढवपणा केला, तो आधी सांगतो. संतापाच्या भरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फाइलच टाकली, "बघा काय चाललंय!" म्हणून. दहा मिनिटांनी बायको म्हणाली, "अहो, ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही तुम्हीच दिलीत की." सगळ्यांसाठी डिलीट केली, पण तोवर किती जणांच्या फोनमध्ये उतरली असेल देव जाणे. पुरावा हवा तर पानाचा पूर्ण पत्ता आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा, दुसऱ्यांच्या ओळी खोडून. फाइल फिरवू नका.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी फाइल उघडली, चष्मा वर केला. "यात कुठंय आधार? आम्हाला तर काही दिसत नाही."

"भाऊसाहेब, ते लपवलेलं आहे."

"मग लपवलंय ना? तेच तर केलंय आम्ही."

यावर काय बोलणार? मी माऊस मागितला. तो मिळाला नाही, कारण बाहेरच्या माणसाने ऑफिसच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नसतो. गोपनीयता! मी तोंडाने सांगत गेलो, त्यांनी एका बोटाने क्लिक करत करत कॉलम उघडले, आणि क्षणभर तेही गप्प झाले. पण लगेच, "हे एवढं कोण करून बघणार आहे? आणि वेबसाइट आमच्याकडे नाही. ती पुण्याचा एक मुलगा बघतो. पासवर्ड त्याच्याकडेच." त्या मुलाचा फोन चार दिवस लागला नाही. पाचव्या दिवशी कळलं, त्याचं लग्न होतं.

मधल्या काळात मी तीन वेळा रजा टाकली. तिसऱ्या खेपेला शिपाईमामाच म्हणाले, "साहेब, तुम्ही आता इथंच हजेरी लावा."

आठव्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन आला, "काढलं हो, बघा." बघितलं. पानावरची लिंक गेली होती, फाइल सर्व्हरवर जशीच्या तशी. जुना पत्ता टाकला की उतरतेय. पुन्हा गेलो. पुन्हा तेच वाक्य, "आम्हाला तर दिसत नाही." अकराव्या दिवशी एक्सेलच्या जागी पीडीएफ आली, आणि या वेळी आधारवर काळ्या पट्ट्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. लेकीने काळ्या पट्टीवर माऊस ओढला, कॉपी केलं, नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. बाराच्या बारा आकडे. पट्टी वर नुसती ठेवलेली, खालचा मजकूर जागच्या जागी. कुणी पट्ट्या मारलेली पीडीएफ दिली तर आधी हे करून बघा.

मग तोंडी बोलणं बंद केलं. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, त्यात आधार कायदा, २०१६ चं कलम २९(४) घातलं : कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायचा नाही. दोन प्रती नेल्या, आवक-जावकला एक दिली, दुसरीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घेतली. पोच मागितल्याबरोबर टेबलावरचा सूरच बदलला. "अहो, एवढं कशाला, आत जाऊन बोला ना."

आत प्राचार्य मॅडम होत्या. त्यांना मी उत्तर आयर्लंडच्या पोलिसांची गोष्ट सांगितली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी माहितीच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल दिली, ती इंटरनेटवर गेली, आणि तिच्यातल्या लपवलेल्या शीटमध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे, नेमणुका निघाल्या. साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. आपल्याकडेही २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संशोधन संस्थेने दाखवून दिलं होतं की चार सरकारी पोर्टलांवर मिळून तेरा कोटींच्या घरात आधार क्रमांक उघडे पडले असावेत. पण मॅडमना पटलं ते विलायती उदाहरण. "म्हणजे तिकडेसुद्धा?" असं म्हणून त्यांनी फोन उचलला. अठराव्या दिवशी फाइल सर्व्हरवरून खरोखर गेली. पुण्याच्या मुलाला काम किती मिनिटांचं होतं विचारलं. म्हणाला, "दोन."

फाइल गेली तरी गुगलच्या निकालात तो दोन ओळींचा तुकडा तसाच होता. गुगलचं जुना मजकूर ताजा करायचं एक पान आहे, तिथे फाइलचा पत्ता टाकला आणि तो लवकरच नाहीसा झाला. याला कॉलेजची परवानगी लागत नाही, पण मूळ फाइल गेलेली असावी लागते.

हो, आणि घरी करायच्या गोष्टी ऑफिसच्या खेपांत राहूनच गेल्या होत्या, त्या तुम्ही आधी करा. आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येतं. आपला आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे वापरला गेला हेही तिथेच दिसतं. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते कळतं; लेकीच्या नावावर एकच निघालं, तेव्हा कुठे मी जेवलो. पैसे गेलेच असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, बँकेत जायची वाट बघत बसायचं नाही.

जूनमध्ये नव्या वर्षाच्या ओळखपत्रासाठी कॉलेजने पुन्हा आधारची प्रत मागितली. आम्ही मास्क केलेलं आधार दिलं, शेवटचे चारच आकडे दिसणारं. भाऊसाहेबांनी ते उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं.

"यात नंबर दिसत नाही," ते म्हणाले.